ताटदगडावरचा डाग

लाँड्रीकाकूंना डाग बघवत नसे. आता लाँड्री चालवणाऱ्या बाईला डाग बघवत नाही यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण कुणाकडे पाहुणी म्हणून गेल्यावर समोरच्या माणसाच्या कॉलरकडे बोट दाखवून "चहा आहे, दोन दिवसांपूर्वीचा, दूध कमी" असं सांगणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. काकू सांगत. आणि बरोबर सांगत, हे त्याहून वाईट. त्यामुळे लोक त्यांना घरी बोलावायच्या आधी शर्ट बदलून घेत.

सव्वीस वर्षं काकू स्वतःच्या लाँड्रीत उभ्या होत्या. पुढे काउंटर, तिथे त्यांची नणंद बसायची. मागे वाफेची दोन प्रेस, कोपऱ्यात बॉयलर आणि बॉयलरपाशी नवरा. हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा बॉयलरशी. खिडकीखाली काकूंचं टेबल, टेबलावर वाकडा दिवा, कडक केसांचा ब्रश, मऊ केसांचा ब्रश आणि कापडी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला काकूंच्या हातची चिठ्ठी टाचली जाई. नंबर, तारीख, ग्राहक, नग, डाग, शेरा. शाई अशी की कापड फाटेल पण अक्षर जाणार नाही. शेऱ्याच्या रकान्यात तर काकू मोकळ्या सुटत. "सॉस. लहान मुलाचा नव्हे, वडिलांचाच."

सव्वीस वर्षं वाफ छातीत गेली की काय होतं ते छातीलाच ठाऊक. तीन वर्षांपूर्वी काकूंना जिन्याच्या पाच पायऱ्या चढवेनात. दात दाखवायला म्हणून गेल्या, तर दातांचे डॉक्टर म्हणाले, "दात ठीक आहेत, पण तुम्ही धापा टाकताय. रविवारी आमच्याबरोबर चालायला या." हे डॉक्टर दर रविवारी तीस-चाळीस माणसं गोळा करून नदीकाठाने सहा किलोमीटर चालत. आठवडाभर लोकांना तोंड उघडा म्हणायचे आणि रविवारी तोंड बंद ठेवा, नाहीतर पक्षी उडतील. काकू पहिल्या रविवारी रडतखडत गेल्या. नदी जिथे काटकोनात वळते, तिथे पोचल्या. त्या वळणाला सगळे कोपर म्हणत. पाणथळ गवत, कमरेएवढे दगड, पाण्यावर वाकलेली झाडं. काकूंनी श्वास घेतला आणि तो खाली पोटापर्यंत गेला. इतका खोल गेलेला श्वास त्यांना कित्येक वर्षांत आठवत नव्हता. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला अजून फुप्फुसं आहेत." नवऱ्याने त्या दिवशीचं अकरावं वाक्य खर्च केलं. म्हणाला, "मग दर रविवारी जा."

आणि मग काय, बाईला वेड लागलं. लागावं असंच होतं ते. खंड्या कुठल्या फांदीवर बसतो, कासव कुठल्या ओंडक्यावर ऊन खातं, सगळं काकूंना पाठ. नवीन माणूस आला की डॉक्टर म्हणत, "काकूंना विचारा." सव्वीस वर्षांत लोकांनी काकूंना एकच प्रश्न विचारला होता, कधी मिळेल. आता माणसं त्यांच्याभोवती गोळा होऊन ऐकत. घरी परत येताना काकू व्हॅनमध्ये गाणं म्हणायच्या, बेसूर, आणि नवरा ऐकून घ्यायचा.

चालणाऱ्यांच्या या टोळीत काकूंनी एक काम अंगावर घेतलं. सगळे सात वाजता पुलावरून निघत; काकूंना मात्र नवरा सहालाच कपडे पोचवायच्या व्हॅनमधून थेट कोपरावर सोडे. हातात पोतं, ब्रश आणि वही. टोळी येईपर्यंत तिथे चॉकलेटचा कागदसुद्धा उरत नसे. काय उचललं, कुठून उचललं, किती उचललं, सगळं वहीत. डॉक्टर लोकांना अभिमानाने सांगत, आमची वाट म्हणजे काकूंनी इस्त्री केलेली वाट.

कोपरावर अगदी पाण्याला लागून एक मोठा सपाट दगड होता. टोळी तिथे बसून डबे उघडे, म्हणून त्याचं नाव ताटदगड. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकूंना त्या ताटात काय दिसलं ते सांगायलाही नको वाटतं. काळपट हिरवी, चिकट घाण. तीन नग. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्याही. काकूंनी घासलं, धुतलं, परत घासलं, आणि अर्ध्या मिनिटात गुन्हेगार ठरवून टाकला.

टोळीत कुत्रं एकाकडेच होतं. ट्रक चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका, आणि त्यांच्या पायाशी लोळणारं म्हातारं तपकिरी कुत्रं. जन्मभर ट्रकवर राहिलेला माणूस, त्यामुळे कुत्र्याचं नाव क्लीनर. ड्रायव्हरकाका नदीच्या सगळ्यात जवळ राहत आणि रोज सकाळी कोपरावर फेरी मारत. आणखी काय पुरावा हवा. ताटदगडाचं नाव काढून कुणाचं जेवण बिघडवायला नको, म्हणून टोळीला काकूंनी एवढंच सांगितलं की क्लीनर वाटेवर घाण करतो.

"ते क्लीनरचं नाही," ड्रायव्हरकाका तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते. "मी इथे पाणमांजर बघितलंय. डोकं वर काढून माझ्याकडे बघत होतं."

सगळे हसले. या नदीत पाणमांजर दिसून तीस वर्षं झाली होती. काकू तर इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मग म्हणाल्या, "पाणमांजराच्या नावावर खपवायचं असेल तर निदान पिशवी तरी बाळगा." डॉक्टर मध्ये पडेपर्यंत ड्रायव्हरकाका कुत्र्याला घेऊन चालू लागले होते. गेले ते गेलेच. लाँड्रीतही यायचे बंद झाले. स्वतःचे शर्ट स्वतः धूत आणि मुद्दाम चुरगळलेलेच घालून दुकानासमोरून दोन-दोनदा जात. काकूंना वेड लागायची पाळी.

पण दगडावरची घाण थांबेना. मग काकूंनी लाँड्रीचा नियम लावला. ग्राहकाचं ते ग्राहकाला परत. महिन्यातून एकदा त्या दगडावरचे नग प्लास्टिकच्या पिशवीत भरत, पिशवीला कापडी चिठ्ठी टाचत आणि येताना ती ड्रायव्हरकाकांच्या फाटकाच्या कडीला अडकवून येत. नंबर, तारीख. ग्राहक: ड्रायव्हर. डाग: काळपट हिरवा. शेरा: मासळीचा वास. कुत्र्याला मासे परवडतात, पिशवी परवडत नाही.

सांगतो काय, दोन वर्षं हे चाललं.

त्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, प्रेस गार झाल्यावर, टोळीतली दहा-बारा माणसं लाँड्रीच्या मागच्या खोलीत जमली. कुणी हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसलं, कुणी उलट्या टोपलीवर. नणंद पुढे काउंटरवर चादरी मोजत होती, तिला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या हातात कागद होता आणि चेहरा असा की त्यांचीच दाढ दुखतेय.

"कोपर जाणार," ते म्हणाले. "वळण काढून नदी सरळ करणार. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत आणि वर ट्रक उभे करायची जागा. येत्या महिन्यात काम सुरू."

काकूंचा श्वास जिथे होता तिथेच थांबला.

"एकच फट आहे," डॉक्टर म्हणाले. "वनखात्याच्या बाई रविवारी नऊ वाजता पाहणीला येतायत. तिथे एखादं संरक्षित जनावर राहतं याची ठोस खूण मिळाली तर काम थांबवता येतं. मी विचार केला, ड्रायव्हर म्हणायचा ते पाणमांजर. खरं असेल तर? म्हणून पुस्तक आणलंय." त्यांनी पान उघडलं आणि वाचायला लागले. "पाणमांजर सहसा दिसत नाही. त्याची खूण म्हणजे त्याची विष्ठा. पाण्यालगतच्या मोठ्या, सपाट दगडावर, पुन्हा पुन्हा त्याच जागी. ताजी असताना काळपट हिरवी, चिकट. आत माशांचे खवले आणि काटे. वास मासळीचा." त्यांनी पुस्तक मिटलं. "तीन वर्षं आपण त्या दगडावर बसून जेवतोय. असलं काही कुणी पाहिलंय का? मी तर नाही पाहिलं."

कुणीच पाहिलं नव्हतं. कसं पाहणार.

काकू उभ्या होत्या त्या हळूच मागे सरकल्या आणि हॉटेलच्या टोपलीत बसल्या. पार आत गेल्या, गुडघे वर. त्यांच्या डोळ्यांसमोर शंभर रविवार उभे राहिले आणि प्रत्येक रविवारी त्या ब्रश घेऊन वाकलेल्या होत्या. ज्या जागेने त्यांना श्वास दिला, ती वाचवणारी एकुलती एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने घासून घासून नदीत सोडली होती. आणि एका निरपराध कुत्र्याची अब्रू घेतली होती, ते निराळंच.

बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण समोर बसलेली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, काकू काहीतरी मार्ग काढतील अशा नजरेने. काकू मूग गिळून बसल्या. मनात म्हणाल्या, रविवारी हात लावायचा नाही, बस. आज बुधवार. चार दिवसांत दगड आपोआप भरेल, बाईंना ताजा नग मिळेल, कोपर वाचेल आणि कुणाला काही कळायचंही नाही. किती सोपं. त्या रात्री त्यांना झोपही लागली, याची मला कमाल वाटते.

पण नणंद होती ना. नणंद म्हणजे जीव लावणारी बाई. बुधवारपासून वहिनीचा चेहरा उतरलाय हे तिने हेरलं. रविवारी मोठ्या बाई पाहणीला येणार, एवढंच तिच्या कानावर आलेलं. तिने ठरवलं, यावेळी वहिनीला कष्ट पडू द्यायचे नाहीत. शनिवारी सकाळी शिवणक्लासच्या पंचवीस बायका घेऊन ती कोपरावर गेली. बरोबर दुकानाच्या भिंतीवर लावलेला कोपराच्या सफाईच्या नियमांचा कागद काढून नेला, काकूंच्याच अक्षरातला. पहिलाच नियम: ताटदगड. ब्रश, पाणी, परत ब्रश. वास गेला पाहिजे.

दुपारी ती परत आली ती लालबुंद होऊन, केसात गवत.

"वहिनी, उद्या तुम्ही फक्त मिरवायचं," ती म्हणाली. "सगळं चकचकीत करून आलेय."

काकूंच्या हातातली साडी प्रेसवरच राहिली. "दगड?"

"दगडाचं तर विचारूच नका. चांगले चार नग होते हो, ताजे. आम्ही असा घासलाय की तुमचं तोंड दिसेल त्यात."

"आणि ते चार नग?"

"पाण्यातून गेले वाहून. तुमच्या नियमात तसंच लिहिलंय."

काकू हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता प्रेसच्या दांड्याला धरून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना, आणि साडीला पिवळा चट्टा पडून धूर निघायला लागला तरी हसणं थांबेना. नवऱ्याने घाबरून आधी प्रेस उचललं, मग बॉयलर बंद केला. भर शनिवारी बॉयलर बंद, असं त्या दुकानात कधी झालं नव्हतं. हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. नणंद ऐकता ऐकता हातातल्या ब्रशकडे असं बघायला लागली की जणू त्याने कुणाला चावलंय.

नवऱ्याने जळकी साडी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सव्वीस वर्षं डाग काढले. एकदा दाखवायचा होता, तर काढून बसलो." थोड्या वेळाने म्हणाला, "तू त्या पिशव्या अडकवायचीस ना ड्रायव्हरच्या फाटकाला?"

काकूंनी डोळे पुसले. त्यांच्या मनात होतं की एखादी तरी पिशवी अंगणात, पाचोळ्याखाली, कुठेतरी पडली असेल. त्या चप्पल न शोधता व्हॅनमध्ये बसल्या.

ड्रायव्हरकाकांची खोली एकच, पण नीटनेटकी. भिंतीवर ट्रकचं स्टिअरिंग टांगलेलं, आणि ट्रकमधून काढून आणलेल्या सीटवर क्लीनर झोपलेला. काकूंना अनवाणी दारात बघून ड्रायव्हरकाकांनी आधी स्वतःचा चुरगळलेला शर्ट जरा पुढे काढून दाखवला.

"मी चुकले," काकू म्हणाल्या. एवढं म्हटल्यावर बाकीचं सगळं धबाधब बाहेर पडलं, पुस्तक, भिंत, ट्रक, चार नग.

ड्रायव्हरकाका ऐकत राहिले. मग उठले, क्लीनरपाशी गेले आणि त्याचा वरचा ओठ उचलून धरला. "बघा."

काकूंनी बघितलं. आत नुसत्या हिरड्या. दात म्हणून एकही नाही.

"तीन वर्षं हा भिजवलेल्या बिस्किटांवर जगतोय," ड्रायव्हरकाका म्हणाले. "माशाचा काटा नुसता दाखवला तरी याला ठसका लागेल. मी सांगत होतो. तुम्ही दगड घासत होतात."

काकूंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "त्या पिशव्या तुम्ही फेकल्याच असतील," त्या कशाबशा म्हणाल्या.

ड्रायव्हरकाकांनी पलंगाखालून पत्र्याचा मोठा बिस्किटांचा डबा ओढला आणि झाकण उघडलं. आत काकूंच्या हातच्या बावीस पिशव्या, बावीस चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे रचलेल्या. "पोलिसात देणार होतो," ते म्हणाले. "चार वेळा दारापर्यंत गेलो. पण साहेबांच्या टेबलावर हा डबा उघडायचा विचार आला की परत फिरायचो."

काकूंचे हात पुढे झाले. ड्रायव्हरकाकांनी झाकण लावलं.

"उद्या. सगळ्यांसमोर. ताटदगडावर उभं राहून," ते म्हणाले. "काय केलंत ते बोलायचं आणि क्लीनरची माफी मागायची. माझी नको, मला सवय आहे. मी झाडापाशी उभा राहीन. ऐकू आलं तर डबा येईल. तीस वर्षं ट्रक चालवला मी, पण ट्रक उभा करायला नदी पुसायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. तरी अट ती अट."

रविवारी कोपरावर साठ माणसं जमली होती. वनखात्याच्या बाई ठेंगण्या, दोरीला बांधलेला चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी काठ पाहिला, गवत बाजूला करून चिखल पाहिला. चिखलावर शिवणक्लासने झाडू मारलेला होता. ताटदगडापाशी आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि दगडाला नाक लावलं.

"साबण?"

"नुसतं पाणी आणि ब्रश," नणंदेच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिने जीभ चावली.

"वीस वर्षांत एवढा स्वच्छ नदीकाठ पाहिला नाही," बाई म्हणाल्या. "इथे मुंगीसुद्धा पाय पुसून येत असेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "वाईट वाटतं, पण मला खूण लागते. माझ्या रिपोर्टात कौतुकाला रकाना नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. लांब झाडापाशी ड्रायव्हरकाका उभे होते, एका हातात साखळी आणि काखेत डबा. नुसतं गप्प राहिलं तर काकू काकूच राहणार होत्या, सगळ्यांच्या लाडक्या, सगळं पाठ असलेल्या. फक्त उभं राहायला कोपर राहणार नव्हतं.

पेन कागदाला टेकलं आणि काकू दगडावर चढल्या.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की खंड्या उडाला. "खूण होती. दर रविवारी होती. मीच पुसली. दोन वर्षं तुम्ही सगळे उठून इथे येईपर्यंत मी पाणमांजर पुसत होते. मला वाटलं कुत्र्याची घाण आहे. आणि बुधवारी मला कळलं तरी मी गप्प बसले, कारण मला लाज वाटली. मी लबाडी केली."

डॉक्टरांच्या हातातला चष्मा तसाच. काकूंना वाटलं, आता कुणीतरी हळूच पाठ फिरवेल, मग दुसरा. पण त्या थांबल्या नाहीत. झाडाच्या दिशेने तोंड करून ओरडल्या, "आणि क्लीनर, तुझी माफी मागते. तुझ्याइतकं सभ्य कुत्रं या काठावर नाही. मी तुला दोन वर्षं बदनाम केलं."

क्लीनर साखळीसकट चालत दगडापाशी आला, काकूंकडे बघितलं आणि भलीमोठी जांभई दिली. त्या बोडक्या हिरड्या साठच्या साठ जणांनी पाहिल्या. डॉक्टरांनी तर खाली वाकून व्यावसायिक नजरेने पाहिल्या. "अरे, याला तर कवळी लागेल," ते म्हणाले, आणि सगळ्या टोळीला हसू फुटलं. माणसं एकमेकांना धरून हसत होती. नणंद हसत होती आणि रडत होती. काकू दगडावर उभ्याच, हसावं की नाही या विचारात, आणि मग त्यांनाही आवरेना.

ड्रायव्हरकाकांनी डबा बाईंसमोर ठेवला आणि झाकण काढलं. सगळे दोन पावलं मागे गेले. बाई दोन पावलं पुढे आल्या. चष्मा लावला, पिशवी उजेडात धरली. वाळून पांढुरकं झालेलं, आणि आत माशांचे खवले नव्या टिकल्यांसारखे चमकत होते.

"पाणमांजर," बाई म्हणाल्या. मग दुसरी पिशवी. "पाणमांजर." तिसऱ्या पिशवीनंतर त्या चिठ्ठ्या वाचायला लागल्या, आधी मनात आणि मग मोठ्याने, कारण एकटीने वाचणं शक्यच नव्हतं. "नग तीन. डाग काळपट हिरवा. शेरा: कुत्र्याचं पोट बिघडलेलं दिसतं, ड्रायव्हरला कळवणे. नग दोन. शेरा: खेकड्याचं कवच. चैन आहे." त्यांनी वर पाहिलं. "हे सगळं कुणी लिहिलं?"

काकूंनी पिशवीतून वही काढली. शंभर रविवार, एकही खाडा नाही. तारीख, दगड, नग, रंग, वास. बाई पानं उलटत गेल्या आणि एका पानाशी थांबल्या.

"इथे थंडीत आकडा दुप्पट झालाय. आणि शेरा काय लिहिलाय? लहान लहान नग. ड्रायव्हरने आणखी कुत्री आणली की काय, चौकशी करणे." त्यांचा आवाज जरासा कापला. "अहो, ही पिल्लं आहेत. तुमच्या या दगडावर पाणमांजरांनी संसार मांडलाय. माझ्या खात्यात पगार घेणाऱ्या माणसाने अशी नोंद केलेली नाही. एवढ्यावर इथे कुणी एक वीट रचू शकणार नाही."

काकू मटकन दगडावर बसल्या. पिल्लं, त्या पुटपुटल्या. पिल्लं होती आणि मी त्यांच्यामागे ब्रश घेऊन लागले होते. डॉक्टर येऊन त्यांच्याशेजारी बसले आणि स्वतःचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भिंत रद्द, वळण तसंच राहणार, ट्रकांसाठी जागा दुसरीकडे. नणंदेने ते काउंटरच्या काचेखाली लावलं. ड्रायव्हरकाकांचे सात शर्ट इस्त्रीला आले, आणि काकूंनी त्यांची चिठ्ठी करताना शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला, जन्मात पहिल्यांदा.

त्यानंतरच्या रविवारी सहा वाजता नवऱ्याने त्यांना कोपरावर सोडलं. ब्रश घरी ठेवायचा, ही वनखात्याच्या बाईंची सक्त ताकीद होती. काकूंनी लहान ब्रश पिशवीत लपवला होता, तो नवऱ्याने व्हॅनमधून उतरताना काढून घेतला. ताटदगडापासून तीस पावलांवर, गवतात, त्या ड्रायव्हरकाकांशेजारी बसल्या. मध्ये क्लीनर घोरत होता.

पाणी हललं. एक चपटं, ओलं डोकं वर आलं, मिशा झटकल्या. पाणमांजर दगडावर चढलं, गोल फिरलं, काकूंकडे सरळ बघितलं आणि शेपूट वर करून, ज्या कामासाठी आलं होतं ते काम, तिथेच, ताटाच्या मधोमध, काकूंच्या डोळ्यांदेखत उरकलं. मागोमाग दोन लहान डोकी वर आली. त्यांनीही आईचं अनुकरण केलं.

काकूंचे हात शिवशिवले. सव्वीस वर्षांची सवय, ती अशी जाते होय. बोटं आपोआप पिशवीत गेली. ड्रायव्हरकाकांनी मान वळवून बघितलं. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, आवाज न करता, सगळ्या अंगाने.

पिशवीतून त्यांनी कापडी चिठ्ठी काढली आणि पेन. नंबर लिहिला, तारीख लिहिली. नग तीन. डाग काळपट हिरवा. मग ग्राहकाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या, एकदा ड्रायव्हरकाकांकडे बघितलं, एकदा दगडाकडे, आणि न जाणाऱ्या शाईने, नीट वळणदार अक्षरात लिहिलं: पाणमांजर, आणि मुलं. शेरा: काढू नये.